नाव दुसऱ्याचं, ताप माझा

पार्सल परत आलं. पिशवीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. आत मासवडीचा डबा, रश्शाचा डबा, कागदात गुंडाळलेल्या बाजरीच्या भाकरी, सगळं जसंच्या तसं. भाकरी अजून कोमट होत्या. पिशवीला पिन मारून लावलेली चिठ्ठी तेवढी कोणीतरी उपटली होती, तिच्यावर पेन चालवला होता आणि परत पिशवीत खोचून दिली होती.

चिठ्ठीवर तीन ओळी. स्वयंपाक करणार, पॅकिंग करणार, पोहोचवणार. प्रत्येकापुढे नाव आणि त्या दिवशीचा ताप. माझ्यापुढे ९७.४ लिहिलेलं होतं. त्या आकड्याकडे कोणी बघितलंही नसावं. माझ्या आडनावाभोवती मात्र निळ्या शाईचा गोल होता. दोनदा फिरवलेला, कागद फाटेल इतका दाबून.

हॉटेलचा शेठ गल्ल्यावर होता आणि फोन स्पीकरवर होता. लॉकडाऊनपासून त्याने फोन तोंडाला लावणं सोडलं होतं, त्यामुळे सगळ्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू यायचं. सावेडीतल्या मॅडम बोलत होत्या. "आम्हाला स्वच्छतेची शंका नाही हो. पण घरात देवाधर्माचं असतं, सासूबाईंचं कडक आहे. इतक्या वर्षांची ओळख आपली, निदान आधी सांगायचं."

शेठ म्हणाला, "चुकलं मॅडम."

मी दहा पावलांवर उभी होते. हाताला पीठ होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग पिशवीकडे बघितलं. म्हणाला, एवढं वाया कशाला घालवायचं, मावशी तू घरी घेऊन जा.

मी घेऊन गेले. लाज वाटते सांगायला, पण आम्ही तेच जेवलो. नवऱ्याने विचारलं, आज मासवडी कशी काय? मी म्हणाले, उरली. एक तुकडा तोंडात घातला आणि पहिल्यांदा मला माझ्याच हातच्या जेवणाची किळस आली. डब्यात काही बिघडलेलं नव्हतं. चव तीच होती.

हे हॉटेल नगरमध्ये मनमाड रोडला. मी भिंगारहून रोज जायची, नऊ वर्षं. भाकरी, पिठलं, शेंगोळे सगळं करायची, पण हॉटेल चालायचं ते मासवडीवर. बेसन घाटून ते ओल्या फडक्यावर थापायचं, वर खोबरं, तीळ, कांदा, लसणाचं सारण पसरायचं, फडक्यासकट गुंडाळून दाबायचं आणि वड्या कापायच्या. बेसन जरा सैल राहिलं की रश्शात वडी फुटते. माझी कधी फुटली नाही. रविवारी लोक बाहेर नंबर लावून बसायचे. या सावेडीच्या मॅडम तर कोपऱ्यातल्या टेबलावर सहा वर्षं बसल्या. नवरा, मुलं, कधी पाहुणे. मासवडी खाऊन, बोटं चाटून, वर रस्सा मागवायच्या. कोण करतं हे त्यांनी कधी विचारलं नाही. मी आत असायची. आत असणाऱ्या बाईला नाव नसतं. सगळे मला मावशी म्हणायचे, माझ्याहून वयाने मोठे वेटरसुद्धा.

मग रोग आला. हॉटेल बंद झालं. काही आठवड्यांनी नुसत्या पार्सलची परवानगी मिळाली. टेबलं एकावर एक रचून ठेवली, दाराला दोरी बांधली, खिडकीतून पार्सल द्यायचं. नियम पुष्कळ आले. मास्क, टोपी, तासाला साबणाने हात धुणं. गिऱ्हाइकाच्या गेटवर प्लास्टिकचं स्टूल असायचं. पार्सल पोहोचवणाऱ्या अन्वरने त्यावर पिशवी ठेवायची, बेल दाबायची आणि मागे सरकायचं. बाईने मग बाहेर येऊन पिशवी न्यायची, अन्न आपल्या भांड्यात काढायचं, पिशवी फेकायची, हात धुवायचे, जेवण पुन्हा गरम करायचं. मला यातलं काहीच वाईट वाटलं नाही. जीव सगळ्यांचा होता. माणसं पटापट मरत होती आणि अन्नातून रोग जातो की नाही हे तेव्हा कोणाला धड ठाऊक नव्हतं. माझी आई काष्टीकडची. टीव्हीवर दोन मीटरचं अंतर ठेवा म्हणून सांगायला लागले तेव्हा ती म्हणाली, "मला नव्यानं काय सांगत्यात." तिच्या लहानपणी बाजारात शेवेचा पुडा वरून पदरात टाकायचे. मी तिला म्हणाले, आई, हे तसलं नाही, हे रोगासाठी आहे. मला खरंच तसं वाटत होतं.

चिठ्ठीची कल्पना शेठने पुण्यातल्या मोठ्या हॉटेलांकडून उचलली. सकाळी गेलं की तो ताप बघायची बंदूक कपाळाला लावायचा आणि आकडा सांगायचा. आम्ही आपापल्या हाताने चिठ्ठ्या लिहायच्या. नाव पूर्ण लिहा, विश्वास बसतो, असं त्यानेच सांगितलं. नाव पूर्ण लिहिलं की त्यात जात पण येते हे त्याच्या डोक्यात आलं नाही, कारण त्याच्या आडनावाने त्याला कधी कुठे अडवलं नव्हतं.

मला तर आनंद झाला होता, हे कबूल करते. सातवीपर्यंत शिकले. अक्षर चांगलं आहे माझं. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझं नाव हॉटेलच्या दाराबाहेर पडत होतं, लोकांच्या घरी जात होतं. मी सकाळी बसून सुबक चिठ्ठ्या लिहायची. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. अन्वर आमचा जुना वेटर, पन्नाशीचा, आता मोटरसायकलवर पार्सल पोहोचवायचा. त्याच्या नावाचं शेठने पहिल्याच दिवशी 'अन्नू' केलं होतं. सध्या वातावरण खराब आहे, लोक घाबरतात, म्हणाला. मी तेव्हा हसले होते. अन्नूभाई, अन्नूभाई म्हणून त्याला दिवसभर चिडवलं होतं. अन्वर पण हसला होता. तो कसा हसला होता ते मला फार उशिरा कळलं.

गोल काढलेली चिठ्ठी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी शेठने मला बोलावलं. खुर्ची दिली. नऊ वर्षांत त्याने मला खुर्ची दिली नव्हती, तेव्हाच मी समजायला हवं होतं. म्हणाला, "आगं मावशी, लोकांचं डोस्कं आपन बदलू शकत न्हाई. फकस्त कागदावर नाव बदलायचं. हात तुजंच हायेत ना." मग त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, जोशीकाकू लिही. भारदस्त वाटतं.

माझा नवरा शिर्डीला भक्तांची गाडी चालवायचा. मंदिर बंद, गाडी बंद, तो घरी. मुलगी अकरावीला, तिचा वर्ग एका फुटक्या मोबाईलवर. घरात मिळवणारी मी एकटी. शेठला हे ठाऊक होतं, म्हणून आवाज एवढा गोड होता.

मी लिहिलं. जोशीकाकू. त्याच माझ्या सुबक अक्षरात. पहिली चिठ्ठी लिहिताना हात थांबला. दहावी लिहिताना थांबला नाही. माणूस किती लवकर सरावतो.

आणि काय सांगू, ऑर्डरी वाढल्या. ज्यांनी कधी पार्सल घेतलं नव्हतं ते घ्यायला लागले. शेठच्या फोनवर कौतुक यायला लागलं. काकूंच्या हाताला काय चव आहे, आता कसं घरगुती लागतं, पोटाला हलकं वाटतं. मासवडीत लसूण होता तेवढाच होता. तेल तेवढंच. हात तेच. एका गृहस्थाने तर काकू सोवळ्यात करतात का म्हणून विचारलं आणि शेठ हो म्हणाला. मी तेव्हा पंजाबी ड्रेसवर ॲप्रन घालून, डोक्याला प्लास्टिकची टोपी लावून कांदा चिरत होते. सोवळ्यात! मला हसू आलं. सावेडीच्या मॅडम परत गिऱ्हाईक झाल्या. त्यांचा निरोप शेठने मुद्दाम आत येऊन वाचून दाखवला. लिहिलं होतं, माणसं बदललीत तसा फरक लगेच कळतो हो.

मला त्या बाईची किळस आली. पण त्याहून जास्त माझी आली. खोटं तिने नव्हतं लिहिलं. मी लिहीत होते, रोज, पाठोपाठ. घरी मुलीने एकदा माझ्या पिशवीत उरलेल्या चिठ्ठ्या बघितल्या. ही जोशीकाकू नवीन आली का, म्हणाली. मी हो म्हणाले. पोटच्या पोरीला सांगितलं की जोशीकाकू नवीन आली.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली. ती पहिलीपेक्षा वाईट होती. सावेडीच्या मॅडमच्या घरात सगळे आजारी पडले. नवरा दवाखान्यात, त्या आणि मुलं घरातच खोल्यांत बंद. एकट्या सासूबाई तेवढ्या वाचल्या होत्या. ऐंशीच्या पुढचं वय, त्यांना मागच्या खोलीत वेगळं ठेवलं होतं. मॅडमनी शेठला फोन करून दोन्ही वेळचा डबा लावला. सासूबाई बाहेरचं खात नाहीत, पण जोशीकाकूंचं चालेल म्हणाल्या.

मी तो डबा मनापासून केला. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हातारीसाठी भाकरी पातळ आणि मऊ, वरण नीट घोटलेलं, तिखट कमी, सोबत कधी मुगाची खिचडी. डब्याची झाकणं दोनदा पुसायची. त्या घरात कोणी मरू नये असं मला वाटत होतं. अन्वर सांगायचा, म्हातारी खिडकीतून हात जोडते आणि म्हणते, काकूंना सांगा, त्यांच्यामुळे आम्ही जगतोय. तो हे सांगताना माझ्याकडे बघायचा नाही.

एक दिवस सकाळीच अंग मोडून आलं. घसा खवखवत होता. वाटलं, रात्री झोप नाही म्हणून असेल. हॉटेलवर शेठने बंदूक लावली. १००.८. त्याने ती हलवली, परत लावली. १०१. पॅकिंगचा माणूस आधीच आजारी पडून घरी होता. दुपारच्या ऑर्डरींचा कागद भरलेला. शेठने इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "सत्त्यान्नव पाईंट दोन लिही. एक गोळी घे. मास्क डबल लाव."

मी म्हणाले, "शेठ, खरंच ताप हाय. त्या घरात म्हातारं मानूस हाय."

तो म्हणाला, आजचा दिवस. मी म्हणाले, नाही लिहिणार. मग बोलला ते शब्द मला तस्से पाठ आहेत.

"वरीसभर नाव खोटं लिवत आलीस. मंग तापाचंच एवढं काय सोवळं गं तुजं?"

मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं. कारण त्याचं बरोबर होतं. जिने स्वतःचं नाव खोडलं तिला तो आता काहीही लिहायला सांगू शकत होता. आज ताप, उद्या आणखी काही. त्या सावेडीच्या बाईने माझ्या आडनावाभोवती गोल काढला होता, पण नाव खोडलं होतं मीच. आणि गंमत बघा, कसली गंमत, घाणच ती. माझ्या निरोगी हातची भाकरी ज्या घराने परत पाठवली, त्या घरात आता माझा ताप जोशीकाकूंच्या नावाने बिनदिक्कत जाणार होता. चिठ्ठी काढली होती लोकांच्या जिवासाठी. तिच्यातली एकच गोष्ट ते वाचत होते आणि तीच खोटी होती.

मी ॲप्रन काढला. घडी करून ओट्यावर ठेवला. ऑर्डरींच्या वहीतून सावेडीचा नंबर घेतला आणि बाहेर जिथे मोटरसायकली लावतात तिथे, सगळ्यांपासून लांब उभी राहून, माझ्या फोनवरून लावला.

मी म्हणाले, मॅडम, मी हॉटेलातून बोलतेय, तुमचा डबा मी करते. आज मला ताप आहे, डबा येणार नाही. कालचा पण मीच केलेला होता. आजींकडे लक्ष ठेवा, त्यांना जरा काही वाटलं तर लगेच डॉक्टरांना सांगा.

त्या म्हणाल्या, "अगबाई, जोशीकाकू का?"

"न्हाई. जोशीकाकू कुनीच न्हाई," मी म्हणाले, आणि माझं पूर्ण नाव सांगितलं. आडनाव सावकाश सांगितलं. म्हणाले, तुम्ही मागं ज्याच्याभोवती गोल काढला होता तेच.

मला वाटलं आता विचारतील, ताप किती आहे, कधीपासून आहे, खोकला आहे का. तेवढंच विचारायचं होतं त्या घडीला. घरात ऐंशी वर्षांची बाई होती.

"म्हणजे हे सगळे दिवस स्वयंपाक तुम्हीच करत होता?"

"व्हय."

"हे सासूबाईंना कळता कामा नये. त्यांना सहन होणार नाही."

तापाबद्दल एक शब्द नाही. म्हातारी रोगातून वाचली होती, माझ्या नावाने मरणार होती. मी फोन ठेवला आणि हॉटेलात परत पाऊल न टाकता तशीच निघाले.

महापालिकेच्या केंद्रावर घशातला नमुना दिला. रोग निघाला. पुढचे दिवस मी आमच्या एका खोलीच्या घरात पडद्यामागे काढले. नवरा कच्चीपक्की खिचडी करून पडद्याखालून सरकवायचा. मुलीला मी पडद्यामागूनच सगळं सांगितलं. जोशीकाकू कोण होती ते. तिने नुसतं विचारलं, किती दिवस लिहीत होतीस? मी सांगितलं. तिचा तो एकच प्रश्न मला तापापेक्षा जड गेला, आणि तो मी कमावलेला होता.

मधे एकदा अन्वर येऊन हॉटेलात राहिलेली माझी पिशवी आणि कामाच्या चपला दाराशी ठेवून गेला. म्हणाला, आजी ठणठणीत आहेत, डबा दुसरीकडून लावलाय. मी त्याला विचारलं, तू अजून अन्नूच का? म्हणाला, तीन पोरी आहेत माझ्या. त्याला बोलायचा मला अधिकार नव्हता. त्या हसण्याबद्दल माफी मात्र मागितली. तो म्हणाला, जाऊ दे आपा. मावशी नाही, पहिल्यांदाच बहीण म्हणाला.

काही महिन्यांनी सगळं उघडलं. टेबलं परत मांडली गेली. लोक गळ्यात गळे घालून, एका ताटात जेवायला लागले. एक दिवस दुपारी शेठ भिंगारला आमच्या दारात आला. नवीन बाईच्या वड्या रश्शात फुटतात, गिऱ्हाईक बोलतं, असं सांगत होता. मी खुर्ची दिली, पाण्याचा तांब्या आणि पेला समोर ठेवला. तो म्हणाला, "आता चिठ्ठ्याबिठ्ठ्या बंद केल्यात. नावाचा प्रश्नच न्हाई. तू आत निवांत काम कर."

म्हणजे आधी होते तशीच. बिननावाची. त्याला वाटत होतं तो मला चांगली बातमी देतोय.

मी म्हणाले, "येते. पन भाईर फळ्यावर लिवा, मासवडी कोन करतं ते. पूर्न नाव."

तो हसला. धंदा बसवायचा आहे का, म्हणाला.

मी म्हणाले, आधी पाणी घ्या. त्याने पेल्याकडे बघितलं. आत्ताच चहा झालाय, म्हणाला. या माणसाने नऊ वर्षं भटारखान्यात उभं राहून, मागे कोणी बघत नाही ना बघून, माझ्या तव्यावरची भाकरी खाल्ली होती. माझ्या घरचं पाणी त्याला जड झालं. मी तांब्या उचलला आणि म्हणाले, "मंग निघा शेठ." आवाज चढवला नाही. तो गेला. परत आला नाही.

मी आता घरूनच डबे करते. कॉलेजची मुलं, दवाखान्यातल्या नर्सा, दोनचार एकटी राहणारी म्हातारी माणसं. प्रत्येक झाकणावर नाव लिहिलेलं असतं, आडनावासकट. मुलगी लिहिते, मी लिहिते. गिऱ्हाईक थोडं आहे. नवीन कोणी डबा लावतं आणि दोन दिवसांनी बंद करतं, असं महिन्यातून एकदा तरी होतं. डबा दाराबाहेर ठेवून देतात, फोनवर गोड बोलतात. तिखट जरा जास्त आहे. आमच्या ह्यांना बाजरी सोसत नाही. गावाला चाललोय.

पूर्वी मी बरं म्हणाले असते. आता म्हणत नाही. मी विचारते, तिखट कुठल्या भाजीत जास्त होतं? त्या दिवशी तर गोड वरण होतं. बाजरी सोसत नाही तर ज्वारीची देऊ का? गावाहून कधी येणार? ते अडखळतात. मी फोन धरून ठेवते. म्हणते, खरं कारण सांगा, मी डबा लगेच बंद करते. कोणी चिडतं, कोणी फोन आपटतं. फोन आपटला की मी त्यांच्या दारात जाते, त्यांच्याकडे राहिलेला दुसरा डबा मागते आणि समोर उभी राहून तेच विचारते. दोघांनी आजवर खरं कारण सांगितलं आहे. मान खाली घालून, हळू, शेजारी ऐकतील म्हणून.

ते शब्द आजवर आम्ही आमच्या पोटात ठेवले. आता ज्याचे त्याने स्वतःच्या तोंडाने, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलायचे. त्याशिवाय मी दारातून हलत नाही.